नसलेला ब्रेक

किन्नौरच्या रस्त्यावर एका अंगाला कापलेला कडा, दुसऱ्या अंगाला दरी आणि तळाशी सतलज. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी यांना फिरायची परवानगी दिली, गाडी चालवायची नाही. म्हणून स्टिअरिंग माझ्याकडे. हे शेजारी बसून प्रत्येक वळणावर उजवा पाय खालच्या मॅटवर घट्ट दाबत होते. तिथे ब्रेक नव्हता.

"अहो, पाय दुखेल."

"तू पुढे बघ," हे म्हणाले.

मला हसू आलं. त्या सीटवर बसून इतकी वर्षं मीही हेच करत आले होते. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेरही माझा पाय फरशीवर असाच रुतून बसला होता. आपल्या माणसाची गाडी आपल्या हातात नसते, तरी पाय दाबल्याशिवाय राहवत नाही.

वाटेतल्या गावात आम्ही सफरचंदं घेतली. पुढे जरा सरळ रस्ता लागल्यावर मी शेजारी पाहिलं. चपला काढून हे सीटवर चक्क मांडी घालून बसले होते आणि निवांत सफरचंद खात होते.

समोर उतार आला. ब्रेक मी एकटीनेच दाबला.