अक्काच्या भिंतीवरचे आकडे

दरोडे विसरलो, चोऱ्या विसरलो, काही आरोपींचे तर चेहरेही आता नीट आठवत नाहीत. पण एका पांढऱ्या भिंतीने उकललेलं ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी चोपडा-शिरपूर पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर एक शेतकरी, त्याची बारावी झालेली मुलगी आणि कागदांची पिशवी छातीशी धरलेली तिची मैत्रीण उभी होती. बाप तावातावाने बोलत होता. मुलगी मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. ठाण्यात आलेला माणूस कुठे बघतो, यावरून त्याची खरी नड कळते. मी मुलीलाच विचारलं.

नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिने ऑनलाइन फॉर्म भरला होता. पहिली पसंती नाशिकच्या कॉलेजला, आणि तिचे गुण पाहता तिथे नंबर लागणारच होता. पण आदल्या दिवशी तिने फॉर्म उघडून पाहिला, तर पहिल्या जागी धुळे, नाशिक यादीतून गायब, आणि वर फॉर्म लॉक! मदत केंद्राने सांगितलं होतं, पोलिसांत दिलेल्या तक्रारीची पोच पाठवा, फॉर्म एकदाच उघडून देऊ. मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचची.

"एकदाच, साहेब," मुलगी म्हणाली. "मी दुरुस्त करीन, आणि ज्याने केलं तो परत खोडा घालेल. मग मी कुठे जाऊ?"

बापाचा आरोपी तयार होता. "साहेब, दुसरा कोन करी? मन्हा चुलतभाऊच! दोन साल व्हयनात, आमनं बोलनं बंद शे."

चुलतभावाला बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, मला टीव्हीचा रिमोट कळत नाही, नर्सिंगचा फॉर्म कुठून कळणार? पण पोरीचं काम झालं का?"

खोटं बोलणारा आधी स्वतःची सुटका विचारतो. याने पोरीचं काम विचारलं. मी त्याला चहा पाजून घरी पाठवला.

खरी खबर दिली ती तालुक्यातल्या सायबर कॅफेवाल्याने. "साहेब, ओटीपीशिवाय फॉर्म उघडतच नाही. आणि त्या गावच्या बठ्ठ्या पोरांचे, झाडून सगळ्यांचे, ओटीपी एकाच मोबाइलवर जातात. अक्काच्या. गावात रेंज फक्त तिच्या ओट्यावर येते."

साक्षीदार बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. महिला शिपायाला बरोबर घेतलं, बापलेकींना आणि पिशवीवाल्या मैत्रिणीला गाडीत बसवलं आणि निघालो.

अक्का साठीच्या पुढची, ओट्यावर लसूण निवडत बसलेली. मोबाइल खांबाला अडकवलेल्या कापडी पिशवीत. मी शक्य तेवढा करडा आवाज काढला.

"अक्का, या मुलीचा ओटीपी तुम्ही कोणाला सांगितला?"

"जो इचारस त्याले सांगस," अक्का शांतपणे म्हणाली. "मन्हा मोबाइल बठ्ठास्ना शे."

मी उभ्या उभ्या व्याख्यान दिलं. शाळाशाळांत देऊन ते मला पाठ झालं होतं. ओटीपी म्हणजे घराची किल्ली, तो कोणालाही सांगायचा नाही, सख्ख्या भावालाही नाही. अक्काने ऐकून घेतलं.

"कोनी पानी मांगं, तं नही म्हनू का?"

महिला शिपाई तोंडाला रुमाल लावून अंगणात गेली. मी नजर चुकवायला भिंतीकडे पाहिलं आणि तिथेच थांबलो. चुन्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेले आकडेच आकडे. प्रत्येक आकड्याच्या शेजारी एक चित्र. कुठे शेळी, कुठे सायकल, कुठे कंदील.

अक्काला अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते. मोबाइलवर नंबर आला की ती तो भिंतीवर लिहायची, पुढे मागणाऱ्याच्या घराची खूण काढायची आणि काम झालं की वर रेघ मारायची. माझ्या ठाण्यात इतकं टापटीप रजिस्टर एकही नव्हतं. हे मी आज कबूल करतो.

आम्ही मोबाइलमधले संदेश काढले. मुलीच्या अर्जाच्या क्रमांकाचा, तीन दिवसांपूर्वीचा ओटीपी सापडला. तोच आकडा भिंतीवर शोधला. मुलीच्या घराची खूण शेळी. इथे मात्र शेळी नव्हती. एक गोल होता आणि मधोमध ठिपका.

"हे काय, अक्का?"

"गिरनी शे ती. पिठनी."

कागदांची पिशवी ओट्यावर पडली. गिरणीवाल्याची मुलगी म्हणजे सकाळपासून पिशवी सांभाळत आमच्याबरोबर फिरणारी ती मैत्रीण. जातं धरल्यासारखी दोन्ही हातांनी ती खांब धरून उभी होती.

"तू?" पहिली म्हणाली. "माझा अर्ज क्रमांक तुला मीच सांगितला ना गं?"

"तू नाशिकला गेलीस की माझं शिक्षण संपलं," ती रडत म्हणाली. "आमचे बाबा म्हणाले, तिच्याबरोबर जाणार असशील तर जा, एकटी नाही. माझ्या गुणांना नाशिकचं नर्सिंग मिळत नाही. धुळ्याचं मिळतं."

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

तिने पिशवीतून एक वही काढली. करिअर मार्गदर्शनाच्या एका वेबसाइटवरून तिने मागच्या प्रवेशांच्या याद्या उतरवून घेतल्या होत्या. कुठल्या कॉलेजात किती गुणांना नंबर थांबला, किती जागा उरल्या, कोणता पसंतीक्रम लावला तर दोघी धुळ्यातच पडतील, सगळं रकाने पाडून. मी आयुष्यात बरेच कट पाहिले, इतका स्वच्छ अक्षरातला पाहिला नव्हता.

"पोरी, तुला नर्स व्हायचंय?"

ती हळूच म्हणाली, "मला रक्त बघवत नाही."

पहिली रागावलेली होती, तरी फस्सकन हसली. "बेडकाला चिरतानासुद्धा हिला चक्कर आली होती, साहेब! आणि चालली माझ्यामागे नर्सिंगला!"

वहीचं शेवटचं पान मी उलटलं. त्याच वेबसाइटवरची आवड तपासणारी चाचणी तिने पाच वेळा दिली होती आणि पाचही वेळा एकच उत्तर आलं होतं: संख्याशास्त्र. खाली नाशिकच्याच एका कॉलेजचं नाव आणि मुलींच्या वसतिगृहाचा पत्ता. सगळं पान पेनाने खोडलेलं.

गिरणीवाल्याला बोलावलं. तो भुवयांवर पीठ घेऊनच आला. मी वही त्याच्या हातात दिली. त्याने ती बराच वेळ चाळली.

"साहेब, मी बरोबर जा म्हटलं होतं. एकाच वर्गात बस, असं कुठं म्हटलं?" तो मुलीकडे वळला. "नाशिकला एकाच गावात राहताल ना दोघी? मग झालं की! विचारायचं तरी, येडे!"

"हेच मीही म्हणते," पहिली फणकारली. "मला विचारलं असतं तर मी स्वतः तुझं पान काकांना दाखवलं असतं."

साडेचार वाजले होते. ठाण्यातून सकाळीच पोच मदत केंद्राकडे गेली होती, फॉर्म उघडला होता. ओट्यावर बसून मीच माझ्या मोबाइलवर मुलीचा अर्ज क्रमांक टाकला. खांबावरच्या पिशवीत टिंग वाजलं.

"अक्का, लवकर! नंबर सांगा!"

अक्काने मोबाइल पदराखाली घेतला.

"नही सांगस."

"अहो, पंचवीस मिनिटं राहिलीत!"

"तूच सांगं ना भाऊ, कोनले सांगानं नही म्हनीसन? जिन्हा नंबर शे, तिले मांगू दे."

सगळं अंगण हसलं. पोलीस निरीक्षक, कमरेला पिस्तूल, आणि सहा आकड्यांसाठी हात पसरलेला. मुलगी पुढे झाली, तिने मागितलं, अक्काने सांगितलं. पसंतीक्रम तिने गिरणीवालीच्या हातून लावून घेतला. "तूच बिघडवलास, तूच नीट कर. आणि मीच बघणार!" पाचला दहा कमी असताना फॉर्म लॉक झाला. मग तिने मला लिहून दिलं, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

चौकशीत मी हजारो लोकांना विचारलं, तू काय केलंस. त्या पोरीला काय करायचं होतं, ते वेबसाइटने तिला पाच वेळा विचारलं होतं. माणसांपैकी विचारणारा मीच पहिला निघालो, तोही चौकशीच्या निमित्ताने. निवृत्तीनंतर मी शाळांत जातो, तेव्हा वेबसाइटचे पत्ते फळ्यावर लिहून देतो आणि पालकांना सांगतो, पोरांच्या वहीचं शेवटचं पान बघितल्याशिवाय फॉर्म भरू नका.

पुढल्या वर्षी बंदोबस्ताहून परतताना अक्काकडे थांबलो. दोघी नाशिकला एकाच खोलीत राहत होत्या. भिंतीवर शेळीजवळ नवे आकडे होते, गिरणीजवळही होते. कोपऱ्यात एक टोपी काढलेली दिसली. पोलिसाची. तिच्यापुढे आकडा नव्हता, फक्त मोकळी जागा.

"हे काय, अक्का?"

"तू मांगा व्हता," अक्का म्हणाली. "मी दिना नही."