फाटका मोजा, गरम पाऊल

कॅज्युअल्टीतल्या मोठ्या सिस्टरांना पाठीमागे सगळे 'मोजेवाली' म्हणत. पेशंट चक्कर येऊन पडलेला असो की जिन्यावरून, सिस्टर आधी त्याचे मोजे ओढून पावलांना हात लावणार. बावीस वर्षांची खोड! विसरून राहिलेले एकेकटे मोजे त्यांनी एका खोक्यात जपले होते. घरी लेक चिडवायची, "आई, तू माझ्या नवऱ्याचेसुद्धा मोजे काढशील हं!"

"काढीन की. पाय थंड निघाले तर परत पाठवीन."

त्या दुपारी स्ट्रेचरवरून एक शिंपीकाका आले. कापड बेतता बेतता दुकानातच कोसळलेले. बीपी सत्तर, नाडी सुसाट. नव्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, सलाइन सोडलं, ईसीजी काढला, छातीपोटावर सोनोग्राफी फिरवली. हृदय नीट चाललेलं, पोटात रक्त नाही. बीपी मात्र हटून बसलेलं.

"कशानं झालंय तेच कळेना!" डॉक्टरांच्या कपाळावर घाम. "सिस्टर, मोजे नंतर!"

"तुम्ही वरून शोधा, मी खालून येते."

अर्धवट शुद्धीतल्या काकांनी पाय आखडून घेतले. "मोजे... नको..."

"अहो, जीव जायची वेळ आली आणि लाजताय कसले?" सोबत आलेल्या त्यांच्या बायकोनं, काकूंनी, दरडावलं. "सिस्टर, भोक आहे मोज्याला. जगाचे कपडे रफू करतात, स्वतःच्या मोज्याला टाका घालायला वेळ नाही!"

सिस्टरांनी मोजा ओढला आणि त्या थबकल्या. बीपी इतकं उतरलं की पावलं बहुधा गार पडतात. ही तर चांगली ऊनऊन होती. तळवे लालबुंद, घोट्याभोवती गांधी उठलेल्या.

"डॉक्टर, जरा खाली या! काका, खाज सुटली होती? काही खाल्लंत? गोळीबिळी?"

"गोळी? हे?" काकू म्हणाल्या. "औषधाचं नाव काढलं तरी पळतात!"

काकांनी एक डोळा किलकिला केला. "गिऱ्हाइकानं दिली... पाठीसाठी... मघाशीच."

"म्हणजे मी महिनाभर घसा फोडतेय, आणि—"

"काकू, भांडण राखून ठेवा. घरी लागेल."

"अ‍ॅलर्जी आहे ही!" डॉक्टर ओरडले. "अ‍ॅड्रेनलिन, मांडीत!"

सिस्टरांची सिरिंज भरून तयारच होती. इंजेक्शन गेलं, पाय उशीवर उंच चढले, सलाइन जोरात सुटलं. काकूंनी मुठीत तो फाटका मोजा घट्ट आवळला होता. सत्तर. पंच्याहत्तर. मग बराच वेळ काहीच नाही. सिस्टरांचा हात पावलावरून हलला नाही.

"पंच्याण्णव," डॉक्टरांनी श्वास सोडला.

काकांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि सिस्टरांना खुणेनं जवळ बोलावलं.

"भोक... कुणी पाहिलं नाही ना?"

"छे हो," सिस्टर म्हणाल्या, "चष्मा घरी राहिलाय माझा." आणि नाकावरचा चष्मा त्यांनी गुपचूप खिशात टाकला.