तासगावच्या चितळाचा दुसरा एक्स-रे

"मॅडम, डोकं फुटलंय. तुम्ही येईपर्यंत टिकेल असं वाटत नाही," वनपाल फोनवर म्हणाले.

मलकापुरात माझा जनावरांचा दवाखाना आहे. तासगावजवळच्या द्राक्षबागेत चितळ शिरलं होतं. कुत्री मागे लागली, तसं ते मांडवाच्या लोखंडी अँगलवर आदळलं.

"गाडीत घालून आणू का?"

"नको. हरीण जखमेपेक्षा धसक्यानंच मरतं. मीच येते."

पोर्टेबल एक्स-रे मशीन गाडीत टाकलं आणि निघाले.

बागेच्या मालकीणबाई हौसाआक्का. त्यांनी चितळाला बेदाण्याच्या शेडमध्ये सावलीत निजवलं होतं, डोळ्यांवर आपलं जुनं लुगडं टाकून. आत कुणालाच बोलू देत नव्हत्या, वनपालांनाही नाही.

कोवळा नर होता. एक शिंग मधोमध मोडलेलं, तोंड रक्तानं माखलेलं. वाढत्या शिंगावर मखमलीसारखी कातडी असते, ती फाटली की भळाभळा रक्त येतं. त्याची मला काळजी नव्हती. कवटीची होती.

भुलीचं हलकं इंजेक्शन दिलं. डोक्याखाली प्लेट सरकवली, शिशाचा एप्रन चढवला, सगळ्यांना बाहेर काढलं. पहिला एक्स-रे बाजूनं घेतला. लॅपटॉपवर कवटीत सरळ काळी रेष. फ्रॅक्चर!

"संपलं का?" वनपालांनी दारातून विचारलं.

"आवं डाक्टरीणबाई, त्यो श्वास तर झ्याक घेतोय की!" आक्का म्हणाल्या.

खरंच घेत होता. टॉर्च मारला तर बाहुल्याही आकसत होत्या. फोटो एक सांगत होता, जनावर दुसरंच. मी वरून आणखी एक एक्स-रे घेतला.

तशीच रेष दुसऱ्या बाजूलाही. अगदी त्याच जागी, तेवढीच. मार काही असा दोन्हीकडे मापात बसत नाही. तो हाडांचा सांधा होता. लहान वयात कवटीची हाडं पुरती जुळलेली नसतात, त्यांचे सांधे रेषेसारखे दिसतात. कवटी शाबूत होती! डोक्याला नुसता मुका मार होता.

मी मोठ्यानं हसलेच. "काय झालं?" वनपाल घाबरले.

"काही झालेलं नाही. हेच तर झालंय!"

"लय ग्वाड बातमी दिलीसा!" आक्कांनी माझे दोन्ही हात धरले.

जखम बांधली, भूल उतरवायचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं गडी झोकांड्या खात उभा राहिला आणि त्यानं पसरलेल्या बेदाण्यांवर खुशाल लेंड्या टाकल्या. आक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वनखात्यानं त्याला रानात सोडलं. दोन उड्यांत दिसेनासा झाला. शिंगाचं काय, ते दरवर्षी गळतं आणि नवं येतं.

तेव्हापासून डोक्याचा एकच एक्स-रे बघून मी निकाल देत नाही. दुसरा घ्यायला दोनच मिनिटं लागतात.