रफूमावशींची रांजणवाडी

रफूमावशींच्या पापणीवर लसूण मीच चोळला. उजव्या डोळ्याला रांजणवाडी झालेली, आणि आमच्या ऑफिसात औषधं सांगणाऱ्यांना तोटा नाही. तिथूनच मी हा उपाय उचलला होता. दुसऱ्या मिनिटाला मावशी नळाखाली होत्या. पापणी टरारून फुगली.

मावशी माझ्या सख्ख्या नव्हेत. तळमजल्यावर तीस वर्षं कपडे रफू करतात, म्हणून साऱ्या इमारतीच्या मावशी. गिऱ्हाईक कपड्याची कहाणी सांगू लागलं की म्हणतात, "भोक दाखवा." मग त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि भोक विणून काढायचं. परत देताना गिऱ्हाइकालाच ते शोधायला लावायचं. सापडलं, तर सगळं उसवून पुन्हा!

त्या गुरुवारी त्यांच्या मांडीवर एका मुलीच्या वडिलांचा कोट होता. वडील नुकतेच गेले होते. सोमवारी ती त्यांच्याच जागी कामाला लागणार, तोच कोट घालून. आणि बरोबर छातीवर कसरीनं भोक पाडलेलं.

"डॉक्टरकडे चला, मी नेतो."

"तू? तू डॉक्टरलाही काहीतरी चोळशील."

त्यांनी साबणानं हात धुतले, स्वच्छ फडकं कोमट पाण्यात पिळलं, मनगटावर लावून पाहिलं आणि मिटल्या डोळ्यावर ठेवलं. दहा मिनिटं, दिवसातून चारदा. "फोडायची नाही, पिळायची नाही. रविवारपर्यंत उतरली नाही, तर डॉक्टर. एकटी जाईन."

माझी नेमणूक पाणी तापवण्यावर आणि सुईत दोरा ओवण्यावर झाली. दोरा ओवायला मला इतका वेळ लागे की तेवढ्यात त्यांचा एक शेक उरके.

शनिवारी सूज उतरली. रविवारी दुपारपर्यंत मावशी कोटाच्या कामावरून उठल्या नाहीत.

संध्याकाळी मुलगी आली. "शोध," मावशी म्हणाल्या. तिनं कोट उजेडात धरला, छातीवरून बोट फिरवलं, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. मग तो तसाच उराशी धरून उभी राहिली. मावशींनी पदरानं डोळा टिपला. "रांजणवाडीचं पाणी," मला ऐकवलं. रांजणवाडी उजव्या डोळ्याला होती. टिपला होता डावा.

मुलगी गेल्यावर मी धीर करून विचारलं, "मावशी, पुन्हा कधी झालीच, तर मी काय करू?"

"हात धू आणि गप्प बस."