पोस्टरवरचं हेल्मेट माझं होतं

"गाडी तुझ्या अंगाला जड पडेल," असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी त्याच गाडीतून नुकतीच उतरले होते. सबंध उन्हाळा ती गाडी मीच चालवत होते. रेसिंग सूट घामाने पाठीला चिकटलेला, हातमोजे अजून हातातच. आमच्या वर्कशॉपचा मालक माझ्याकडे न बघता टायरकडे बघत म्हणाला, "माझं नाही गं, स्पॉन्सरचं म्हणणं आहे. रेसला दुसरा ड्रायव्हर बसेल. टेस्टिंग मात्र तू मस्त केलंस."

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. भेटेल तो सांगतो, सोडून दे. मला सोडायचं नाहीये.

वर्कशॉप अल क्वोजच्या कारखान्यांच्या वस्तीत. रेसच्या गाड्या तयार करणं हा आमचा धंदा. मालक पुण्याचा, पन्नाशीचा, बोलायला गोड. कामगारांशी हिंदी, गिऱ्हाइकांशी इंग्रजी आणि माझ्याशी मराठी. मी तिथली इंजिनियर. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, पण मी वाढले शारजाला, रोल्लाच्या मागच्या गल्लीत. अब्बा रिकव्हरी चालवतात, म्हणजे रस्त्यात बंद पडलेल्या नाहीतर आपटलेल्या गाड्या उचलून नेणारा ट्रक. अम्मीला माझ्या नोकरीतलं एवढंच कळायचं की नखं कायम काळी असतात. "ऑफिसात एसी आहे ना?" असं ती दर आठवड्याला विचारायची. एसी होता, ऑफिसात. मी ऑफिसात नसायचे.

मसल कारची कल्पना मालकाची. ते श्रेय त्याचं त्याला. आमच्याकडची शर्यत सेडान गाड्यांची. शोरूममध्ये मिळते तीच गाडी घ्यायची, आतून रिकामी करायची, ड्रायव्हरभोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा आणि पळवायची. गाड्या छोट्या, चार सिलिंडरच्या. मीही तीन सीझन त्यातच चालवलं होतं, एकदा तिसरीही आले होते. पण बघायला यायचं कोण? ड्रायव्हरांच्या घरचे आणि फुकट पास मिळालेले. तेही फोनमध्ये डोकं घालून बसायचे.

आणि बाहेर, त्याच ट्रॅकच्या पार्किंगमध्ये, एखादी लांब बॉनेटची अमेरिकन मसल कार आली, तिचं आठ सिलिंडरचं इंजिन नुसतं गुरगुरलं, की तीच माणसं फोटो काढायला धावायची.

मालक म्हणाला, "लोक जी गाडी बघायला धावतात, ती आपण आत का आणत नाही?"

रेस भरवणाऱ्या क्लबला ते पटलं, पण भीतीही वाटली. ही गाडी जड, तिचं सगळं वजन पुढे, ताकद मागच्या चाकांना. सरळ रस्त्यावर बाण, वळणावर म्हैस. एवढं धूड दर वळणाला थांबवायचं तर ब्रेक तापून निकामी होणार. म्हणून क्लबने अट घातली: इथल्या उन्हाळ्यात, रेसच्या पूर्ण लांबीची चाचणी ब्रेक न जाता करून दाखवा, मग मसल कारचा वेगळा वर्ग सुरू करू.

"चालवणार कोण?" मी विचारलं.

"तूच. बांधायची तूच, चालवायची तूच."

"आणि रेस?"

"रेसपण तूच. दुसरं कोण आहे माझ्याकडे?"

हे त्याने चार माणसांसमोर सांगितलं. पुढे त्या चारांपैकी एकालाही ते आठवेना.

घरी सांगितलं तेव्हा अब्बांनी ताट बाजूला सारलं. "बाय, या गाड्या मी उचलल्यायत. दुसरी कुठलीपण गाडी चालव. ही नको." एमिरेट्स रोडवरून त्यांनी अशा किती गाड्या उचलल्या होत्या ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "एक्सिलेटर दाबला की मागून पळते. पोरांना वाटतं, आपण चालवतोय."

मी म्हटलं, "अब्बा, आय नो व्हॉट आय ॲम डुइंग."

"इंग्रजी बोललीस की समजतं मला, तुला पण भीती वाटतेय."

भीती होतीच. चाचण्या उजाडताच सुरू व्हायच्या, ऊन चढायच्या आधी. तरी आतमध्ये भट्टी. रेसच्या गाडीत एसी नसतो, खिडकीला जाळी, अंगात आग न पकडणारा तीन थरांचा सूट. पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या वळणाला मी ब्रेक दाबला आणि पाय सरळ खाली गेला. काहीच नाही. गाडी तशीच ट्रॅक सोडून वाळूत घुसली आणि वाळूच्या लाटेत थांबली. बॉनेटवर, काचेवर, माझ्या दातांत वाळू. रेडिओवर मालक ओरडत होता, "गाडी ठीक आहे ना? गाडी?"

तेव्हा मला हसू आलं होतं. आता त्या प्रश्नाचा संताप येतो.

मग आम्ही कामाला लागलो. बॅटरी मागे नेली, जेवढं वजन मागे सरकवता येईल तेवढं सरकवलं. पुढच्या बंपरमधून ब्रेकपर्यंत वारा नेणारे जाड पाइप टाकले. मी वळणं वेगळी घ्यायला शिकले. छोट्या गाडीत उशिरा ब्रेक मारायचा असतो. इथे आधी मारायचा, गाडीला बसू द्यायचं, आणि मग एक्सिलेटर असा दाबायचा, जणू पायाखाली अंडं आहे. हळूहळू ती ऐकायला लागली. खरं सांगायचं तर मी तिच्या प्रेमात पडले. इंजिन सुरू झालं की बरगड्यांत घुमायचं. उतरल्यावरही बराच वेळ ते घुमणं अंगात राहायचं, आणि मला ते आवडायचं.

गाडी ट्रॅकवर न्यायला अब्बाच यायला लागले, आपली रिकव्हरी घेऊन. कुणी सांगितलं नव्हतं. पट्टे आवळायचे, ट्रकच्या सावलीत बसायचे, आणि मी परत आले की विचारायचे, "थांबते का आता?"

"थांबते."

"मग ठीक."

ऑगस्टमध्ये क्लबची माणसं आली. रेसच्या पूर्ण लांबीची चाचणी मी त्यांच्यासमोर केली. ब्रेक शेवटपर्यंत टिकले. उतरले आणि हेल्मेट काढलं. डोक्यावर पाणी ओतून घेतलं. क्लबच्या माणसाने मालकाचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मालक हसून म्हणाला, "थँक यू, हबीबी." ती माणसं वळताच मला टायरकडे बघत ते वाक्य ऐकवण्यात आलं.

"जड कुणाला?" मी विचारलं. "आत्ता कोण उतरलं यातून?"

"अगं, मला माहितीये. पण ते मसल विकतायत. त्यांना तसा चेहरा हवाय. तू समजून घे ना जरा."

'समजून घे' हा शब्द मी लहानपणापासून ऐकतेय. त्याचा अर्थ, गप्प बस.

माझी सीट माझ्या मापाची होती. रेसच्या गाडीत ड्रायव्हरला बसवून, पाठीमागे फेस ओतून, तो अंगाच्या आकारात घट्ट होऊ देतात. मालक म्हणाला, "तेवढी तुझी सीट काढून घे, त्याची बसवायचीय." मी पाना खाली ठेवला. म्हटलं, "ज्याला बसायचंय त्याने काढावी." दुसऱ्या दिवशी आले तर सीट बाहेर, कचऱ्याच्या डब्याला टेकवून, उन्हात ठेवलेली.

मी अब्बांना फोन केला. ते रिकव्हरी घेऊन आले. एवढ्या मोठ्या ट्रकवर एक सीट चढवली, तिलाही पट्टे आवळले. अल क्वोजपासून शारजापर्यंत ते आरशातून त्या सीटकडे बघत होते. घराखाली गाडी बंद करून म्हणाले, "मी वर येत नाही आत्ता. तुझ्या अम्मीसमोर तोंडातून काहीतरी वाईट जाईल."

मग पोस्टर आलं. मी पेट्रोल भरायला थांबले होते आणि पंपाच्या काचेवर ते दिसलं. धुळीतून येणारी आमची गाडी, आणि शेजारी हेल्मेट घातलेला ड्रायव्हर, हात छातीवर बांधलेले. खाली नव्या ड्रायव्हरचं नाव. तो माणूस अजून देशात उतरलाही नव्हता. हेल्मेटच्या हनुवटीवर उजवीकडे ओरखडा होता, वाळूत गेले त्या दिवशीचा. हातमोजे माझे. उभं राहायची पद्धत माझी. काच खाली ओढलेली असली की आत कोण आहे, कुणाला कळतं!

चेहरा हवा होता म्हणाले होते. मग चेहरा झाकलेली मी चालले.

मी मालकाला फोटो दाखवला. तो म्हणाला, "अगं, दुसरे फोटोच नव्हते ना." जणू तो माझी समजूत घालत होता.

तरी मी राजीनामा दिला नाही. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, हे एक कारण. दुसरं कारण गाडी. कुणीतरी मूर्ख येऊन तिची वाट लावेल, आणि मी निदान ते बघायला असेन, असं मनात होतं. हो, मला ते हवं होतं.

पण आलेला मुलगा मूर्ख नव्हता. परदेशातला, पंचविशीचा, पैसे घेऊन गाड्या चालवणारा, सभ्य. पहिल्याच दिवशी माझ्याकडे येऊन त्याने इंग्रजीत विचारलं, "तिसऱ्या वळणाला ही काय करते? मला सांगितलंय, तुला विचार." मी त्याला गाडीजवळ नेलं. मग सगळं सांगितलं. कुठे ब्रेक मारायचा, कुठे थांबायचं, कधी पाय हलका ठेवायचा. त्याला राग दाखवायला ती जागा चुकीची होती. तिथे माणूस मरू शकतो.

रेसच्या दिवशी स्टँड भरले होते. मालकाचं खरं ठरलं. मुलं आरोळ्या मारत होती, इंजिनांच्या आवाजाने पत्रे हादरत होते. मी हेडफोन लावून रेडिओवर. त्याच्या कानात माझा आवाज होता. "आता ब्रेक. थांब. थांब. आता." त्याने गाडी सुरेख चालवली. दुसरा आला. गाडी वाया गेली असती तर मी निदान म्हणू शकले असते, बघा. तेवढंसुद्धा मला मिळालं नाही.

पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्यांच्या थांब्यावर, गर्दी झाली. स्पॉन्सरची माणसं, कॅमेरे, क्लबचे साहेब. मालक मला हाक मारत होता, "यल्ला, ये ना फोटोला, टीम फोटो!"

मी होते तिथूनच ओरडले. मराठीत. "फोटो आधीच काढलाय ना माझा! पोस्टरवर कोण आहे ते सांगा यांना! उन्हाळाभर कोण भाजून निघालं, सांगा!"

सगळे माझ्याकडे वळले. समजलं फक्त मालकाला. तो हसला, स्पॉन्सरच्या खांद्यावर हात ठेवून इंग्रजीत म्हणाला, "शी इज सो हॅपी, शी इज क्राइंग."

मग मी तेच इंग्रजीत सांगितलं. एकेक वाक्य, सावकाश, न ओरडता. पोस्टर, चाचणी, सीट, सगळं. तो ड्रायव्हर मुलगा खाली बघत होता, कान लाल झाले होते. तो एवढंच म्हणाला, "मला पोस्टरचं माहीत नव्हतं." मला ते खरं वाटलं, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

मालक जवळ येऊन दात न उघडता म्हणाला, "खलास. उद्यापासून येऊ नकोस."

एकोणतीस वर्षांची इंजिनियर मी, परत अब्बांच्या व्हिसावर आले. व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधल्या माणसाने विचारलं, "डिपेंडंट?" मी हो म्हटलं. बाहेर येऊन पार्किंगमधल्या खांबाला लाथ मारली. पायाचं बोट सुजलं.

वर्ग मात्र चालू राहिला. पुढच्या वर्षी आणखी टीमनी मसल कार आणल्या. मार्चमध्ये उम्म अल कुवैनच्या एका टीमच्या माणसाचा फोन आला. "आमचे ब्रेक टिकत नाहीत. तुम्ही टेस्टिंग करून द्याल?"

मी विचारलं, "आणि रेस कोण करणार?"

"ते बघू की. इन्शाल्ला."

"मग टेस्टिंगचंही इन्शाल्ला," असं म्हणून मी फोन ठेवला. अब्बा चिडले. घरात बसलेली माणसं अशी उत्तरं देत नसतात, म्हणाले. मीही चिडले. आम्ही दोन दिवस बोललो नाही. त्या माणसाने पुन्हा फोन केला, मग पुन्हा. शेवटी करारात लिहून दिलं: सीझनच्या दोन रेस माझ्या. अर्ध्यासुद्धा नाहीत. मी सही केली.

जुनी सीट त्या गाडीत बसली नाही, नवी ओतावी लागली. गेल्या महिन्यात पहिली रेस झाली. दुसऱ्याच फेरीत पाय जड पडला, गाडी मागून फिरली, चार गाड्या पुढे निघून गेल्या. चूक माझी. मग डोकं शांत ठेवून एकेक गाडी गाठत गेले आणि सातवी आले. मालकाची गाडी चौथी.

उतरत होते तेव्हा लाउडस्पीकरवर निवेदक माझ्याबद्दल बोलत होता. "व्हॉट अ ब्रेव्ह गर्ल!" म्हणाला. दोनदा म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पुढे सहा जण होते, त्यांच्या वेगाबद्दल बोलला, वळणांबद्दल बोलला. शूर कुणालाच म्हटलं नाही.

अब्बा पट्टे आवळत होते. म्हणाले, "थांबत होती ना?"

"थांबत होती. दुसऱ्या फेरीत मीच चुकले."

"बघितलं मी," ते म्हणाले. "आता तोंड धू. आणि त्या माईकवाल्याकडे जाऊन भांडायचं असेल तर लवकर जाऊन ये, मला ट्रक काढायचाय."

मी गेले.