दूधविनायकाची गुलाबी विहीर

समस्त काशीकर महाराष्ट्रीय मंडळींस, त्यातही दूधविनायकापासून रामघाटापर्यंतच्या सोवळ्या घरांस, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की ज्या उन्हाळ्यात आपल्या गल्लीतली विहीर भर दुपारी गुलाबी झाली, त्या उन्हाळ्यात कोणताही देव कोपला नव्हता, कोणतंही ग्रहण बाधलं नव्हतं आणि कुणाचा विटाळही झाला नव्हता. ते काम माझं होतं. मी — गोविंद, वेदपाठशाळेसमोरच्या घरातला, सध्या युनिव्हर्सिटीत रसायनशास्त्र शिकवणारा, पोट सुटलेला, टक्कल पडलेला.

बसा, बसा. उठून कुठे चाललात? हे मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. आणि मला गोष्टी सांगायची किती खाज, ते तुम्हाला ठाऊक आहे. माकडाने माझ्या धोतराची निरी ओढली ती गोष्ट मी निदान सात तऱ्हांनी सांगतो, दर वेळी माकड थोडं मोठं होतं. ही मात्र गिळून बसलो. का, ते येईलच.

तर, मी तेव्हा शिकत होतो. युनिव्हर्सिटी नवी होती, आम्हीही नवे होतो. आमचे प्रोफेसर बंगाली गृहस्थ. त्यांचं म्हणणं असं, की जे संशोधन गल्लीत उतरत नाही ते बरणीतलं लोणचं. पानात वाढल्याशिवाय त्याला अर्थ नाही. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांचं सेवामंडळ काढलं. त्या वर्षी पलीकडच्या मोहल्ल्यात पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली होती, आणि आम्हाला पुड्या मिळाल्या — विहिरीत टाकायच्या जंतुनाशक लाल दवेच्या. अट एकच. लोकांना समजावायचं, त्यांचा होकार घ्यायचा, मगच पूड टाकायची. चोरून टाकलीत तर ती सेवा नव्हे, दांडगाई. हे ते टेबलावर बोट आपटून म्हणाले होते. मी मान डोलावली होती.

आता आमची गल्ली समजावून घ्या. म्युनिसिपालटीचा नळ दाराशी आलेला, पण त्याच्या आत चामड्याची चकती असते म्हणून ते पाणी देवाला नाही, चुलीला नाही, फक्त पाय धुवायला. प्यायला विहीर. सकाळी ओल्या पंचाने सोवळ्याचं पाणी भरायचं, बाकीच्यांनी नंतर. मी पाठशाळेच्या तात्यांकडे गेलो. तात्या म्हणजे आमच्या गल्लीचं हायकोर्ट. जंतू म्हणजे काय, पटकी कशी पसरते, सगळं घडाघडा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "गोविंदा, ही भुकटी करणारा सोवळ्यात होता का रे?"

म्हटलं, "तात्या, विलायतेहून येते."

संपलं! आयुष्यात एकदा खरं बोललो, आणि बघा.

मग काय करायचं? पटकीला थांब म्हणायचं? दुपारी तात्या घोरत होते, पाठशाळेतली मुलं पाय पसरून पडली होती. मी विहिरीवर गेलो. पूड मोजून टाकायची होती, पण घाईत सगळी पुडी उपडी झाली. पाणी असं रंगलं म्हणता — एखाद्या नवरीचा शालूही फिका!

याबद्दल मला पश्चात्ताप आहे का? तिळमात्र नाही. त्या वर्षी आमच्या गल्लीतून पटकीची एक तिरडी उठली नाही. उद्या पुन्हा टाकीन. तात्यांचे नातू हे ऐकून मला पंक्तीतून उठवणार असतील तर खुशाल उठवा. तुमच्या पंक्तीत गेली वीस वर्षं वांग्याला मीठ नसतं.

ही कबुली वाटली तुम्हाला? छे. ही तर नांदी. कबुली पुढे आहे, आणि बघा ना — मी तिच्याभोवती नुसता फिरतोय.

अक्का. आमच्या खालच्या खोलीत राहायची. माझ्या आईची चुलत बहीण. आई गेल्यावर मी तिच्याच हातचं जेवून वाढलो. अक्का विधवा होती, आणि तिने केस काढले नव्हते. सगळ्या गल्लीने समजावलं, ती म्हणाली, "केस माझे आहेत, गल्लीचे नव्हेत." अशा बाईला विहिरीवर यायला मुभा दुपारची, सोवळ्यातली सगळी घरं भरून झाल्यावर. त्या दिवशी माझ्यानंतर पहिली घागर सोडली ती तिने. वर आलं ते गुलाबी पाणी. ती ओरडली, गल्ली जागी झाली.

पुढचं तुम्ही ओळखलंच. केस राखलेल्या बाईचा हात लागला, विहीर विटाळली! तात्यांनी पाणी उपसायला लावलं, पंचगव्य टाकलं, मंत्र म्हटले. रंग आपसूक गेला, पण गल्लीच्या लेखी तो त्यांच्या मंत्रांनी गेला. आणि निकाल असा लागला, की अक्काने एक तर केस काढून प्रायश्चित्त घ्यावं, नाही तर या विहिरीला पुन्हा शिवू नये.

मी तिथेच उभा होतो. खांबाला टेकून. एक वाक्य पुरलं असतं — तात्या, ते मी केलं. पण भिक्षुकी करणाऱ्या वडिलांचे यजमान तुटले असते, गल्लीने वाळीत टाकलं असतं, प्रोफेसरांना कळलं असतं की होकार वगैरे काही नव्हता. त्यांना तर मी सांगून मोकळा झालो होतो, की माझं भाषण ऐकून गल्ली एकमुखाने हो म्हणाली! मी गप्प बसलो. अक्काने केस काढले नाहीत. ती दुसऱ्या दिवसापासून रामघाटाच्या पायऱ्या उतरून गंगेचं पाणी आणू लागली. त्या पायऱ्या तुम्ही चढला आहात. भरली कळशी कमरेवर घेऊन चढून बघा.

आणि अजूनही ही सगळी कबुली नव्हे.

पावसाळ्यानंतर युनिव्हर्सिटीत समारंभ झाला. सेवेबद्दल मला पदक. कमिशनर साहेब अध्यक्ष. गल्लीतलं कुणी येईना; साहेबाशेजारी बसायचं म्हणजे घरी येऊन स्नान. आली एकटी अक्का. धुवट पांढरं लुगडं नेसून, नावेत बसून, इतक्या लांब. माझं कौतुक बघायला. बायका चिकामागे, म्हणजे बांबूच्या पडद्यामागे, बसल्या होत्या, त्यांत ती.

परतताना नावेत आम्ही दोघंच होतो. आणि नाव वल्हवणारा मल्लाह. मुन्शी घाट मागे पडला. मग अक्का म्हणाली, "औषध होतं?"

"हो."

"कुणाला बाधलं नाही ना?"

"नाही."

"बरं." थोड्या वेळाने म्हणाली, "तात्यांना सांगशील ना, गोविंदा?"

म्हटलं, "उद्या."

तो उद्या आला नाही. तिने पुन्हा कधी विचारलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. माझ्या लग्नात ती मांडवाबाहेर पाणी भरत होती — गंगेचं. तात्या गेले, मग अक्का गेली. तिला मणिकर्णिकेवर मीच पोचवलं. शेवटचं पाणी तिच्या तोंडात घातलं, तेही विहिरीचं नव्हतं. आणि मी? मी त्या पदकावर नोकरी मिळवली, आणि नागरिकाचं कर्तव्य या विषयावर दर वर्षी नव्या मुलांपुढे फार रंगून बोलतो. टाळ्या पडतात.

मी माफी मागत नाही. जिने द्यायची ती नाही, बाकीच्यांची मला नको. फक्त त्या सभेतलं राहिलं आहे, तेवढं सांगतो आणि उठतो.

प्रोफेसर इंग्रजीत बोलत होते. अक्काला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मग त्यांनी काचेचं भांडं उचललं, त्यात पाणी ओतलं, चिमूटभर पूड सोडली. पाणी गुलाबी झालं. भांडं त्यांनी उंच धरलं, आणि दुसऱ्या हाताने माझ्याकडे बोट दाखवलं.

चिकामागून एक आवाज आला. स्वच्छ मराठीत. सगळं सभागृह वळलं. मराठी कळणारा त्यात मी एकटा. प्रोफेसरांनी कौतुकाने विचारलं, "क्या कहा माताजी ने?" मी हात जोडले, मान लववली आणि मोठ्याने म्हणालो, "आशीर्वाद दे रही हैं." काय टाळ्या पडल्या! कमिशनर साहेबांनीसुद्धा वाजवल्या.

ती म्हणाली होती, "अगं बाई, ही तर आमची विहीर!"