मायच्या गाण्यांसाठी ऑपरेटिंग सिस्टीम

"सर्व्हर परत बंद पडी गया, भाऊ. आनि या खेपले गाना उघडतच नही."

भटूभाऊंचा महिन्यातला हा तिसरा फोन. मी नंदुरबारात एका ऑफिसची नेटवर्क केबल ओढत होतो. काम अर्धवट टाकून त्यांच्या गावी, रनाळ्याला निघालो, कारण ती गाणी दुसरीकडे कुठेच नव्हती.

भटूभाऊ बँकेत कारकून. त्यांची माय आसपासच्या गावांत कानबाईची, म्हणजे आमच्याकडच्या देवीची, आणि हळदीची गाणी म्हणायची. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. आता नुसती कुजबुज. आधी मोबाइलवर केलेली रेकॉर्डिंग तेवढी उरली होती. ती मी होम सर्व्हरवर चढवली, आणि फोन भरला होता म्हणून भटूभाऊंनी त्यातून पुसून टाकली.

होम सर्व्हर म्हणजे घरात सतत चालू ठेवलेला कॉम्प्युटर. त्यातल्या फाइल घरातल्या प्रत्येक फोनवर, टीव्हीवर उघडतात. त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम कोणती टाकायची, हा माझा आवडता विषय. भटूभाऊ म्हणाले होते, "विंडोज टाका, माले तेच समजस." मी ऐकलं नाही. खास स्टोरेजसाठी बनवलेली, एकच फाइल दोन डिस्कवर लिहिणारी, रंगीत आलेख दाखवणारी सिस्टीम टाकली. ती बंद पडली. मग तसलीच दुसरी टाकली. तीही पडली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

त्या दिवशी दोन्ही डिस्क काढून आणल्या. दोन दिवस खपून गाणी सोडवली. एक सोडून सगळी निघाली. ते एक हळदीचं गाणं मधेच तुटत होतं.

मग लॉग वाचला. लॉग म्हणजे मशीनची रोजनिशी. रोज पावणेदहा-दहाच्या सुमारास नोंद तुटायची आणि दुपारी एकला पुन्हा सुरू व्हायची. यूपीएस लावला होता, पण तो वीस मिनिटं पुरणारा.

"सकाळी लाइट जाते का हो?"

"नही भो. गावमा लाइट ऱ्हास त्या टाइमले."

दुसऱ्या दिवशी सकाळीच रनाळ्यात जाऊन बसलो. भटूभाऊ बँकेत गेले, त्यांची बायको, म्हणजे वहिनी, वावरात गेल्या. शेवटी माय विळा आणि पाण्याची बाटली घेऊन निघाली. दाराशी थांबली, हात वर केला आणि मेन स्विच पाडला.

"माय, हे कशाला?"

"घरमा कोनी नही, तं लाइट कसाले?" ती कुजबुजली. "एक डाव टीव्ही जळी गया, पंखा बी."

शेतीपंपांची थ्री-फेज सुरू झाली की त्यांच्या गल्लीत व्होल्टेज उड्या मारायचं. तिचा उपाय माझ्यापेक्षा जुना होता आणि चुकीचाही नव्हता. पण स्वतःचीच गाणी ती रोज मधेच तोडत होती, आणि हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. फार वाईट वाटलं.

संध्याकाळी भटूभाऊंना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "मी तिले सांगस, स्विच पाडू नको म्हनीसन."

"नका सांगू. मी सिस्टीम बदलतो."

मशीन काही लिहीत असताना वीज तुटली की फाइल बिघडण्याची भीती असते. म्हणून घरात येऊन विचारलं, "यात नवीन काही भरायचं असतं का?"

भटूभाऊंच्या आधी मायच बोलली. "आते नवं काय भरानं शे?"

मी मान खाली घालून कामाला लागलो. साधी डेबियन लिनक्स टाकली, आलेखबिलेख काही नाही. सिस्टीम आणि गाणी, दोन्ही रीड-ओन्ली केली. म्हणजे वाचता येतं, लिहिता येत नाही. वीज आली की मशीन आपोआप सुरू होईल ही आधीची सेटिंग तशीच ठेवली. एक प्रत शहाद्याला भटूभाऊंच्या बहिणीकडे पाठवली. त्यानंतर तक्रारीचा फोन आला नाही.

चारेक महिन्यांनी फोन आला, पण वेगळाच. "भाऊ, नवं गानं टाकानं शे."

तुटलेल्या हळदीच्या गाण्याचे पुढचे शब्द माय रोज वहिनींच्या कानाशी सांगत होती. चाल हाताने मांडीवर ठोकून शिकवत होती. वहिनींनी पूर्ण गाणं म्हटलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. यात नवीन काही येणार नाही, हे मीही खरं मानून बसलो होतो.

रनाळ्याला जाऊन मी पाच मिनिटांसाठी लिहायची परवानगी उघडली. साडेनऊ वाजत आले होते. माय दाराशी उभी होती, विळा काखेत, हात मेन स्विचवर.

"व्हयनं का?"

मी फाइल तपासली, परवानगी पुन्हा काढून घेतली.

"झालं, माय. पाडा."

होम सर्व्हरला कोणती सिस्टीम चांगली, असं लोक अजूनही विचारतात. मी आधी विचारतो, तुमच्या घरातून सगळ्यात शेवटी बाहेर कोण पडतं?